गंगाखेडचा दाणा

दरिया म्हणजे समुद्र, असं मी एका कागदावर लिहिलं. जिथं जिथं तो शब्द आला तिथं तिथं लिहिलं, शाई न सांडता, वळणदार अक्षरात. दरिया म्हणजे नदी. उर्दूत नदीच. मराठीत दर्या म्हटलं की समुद्र होतो, आणि मला मराठी येत होतं, तेवढ्या भांडवलावर मी दुसऱ्याच्या भाषेत हात घातला.

आता ही चूक इतकी जुनी झाली आहे की तिचे गुडघे माझ्याइतकेच दुखत असतील. तरी दर वर्षी ती येते. फाल्गुन उतरणीला लागतो, परभणीचं दुपारचं वारं कोरडं पडतं, घराशेजारच्या शाळेत परीक्षेसाठी बाक हलवायला लागतात. फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा तो आवाज. तो ऐकला की मी खुर्चीत थोडा खाली सरकतो. सूनबाई विचारते, पंखा वाढवू का. मी म्हणतो, वाढव. पंख्याचा काही संबंध नसतो.

परीक्षा मुलांची असते असं लोक समजतात. मी अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली, मला विचारा. मुलं जूनमध्ये सगळं विसरतात. नापास झालेला मास्तर मात्र आयुष्यभर त्याच वर्गात बसलेला असतो.

तेव्हा मी मानवतला होतो. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. त्या दिवसांत आमच्याकडं माणसांपेक्षा शब्दांच्या बदल्या जास्त झाल्या. शाळेतल्या कपाटावर ‘सायन्स का सामान’ अशी उर्दूतली चिठ्ठी होती, तिच्यावर आम्ही ‘विज्ञान साहित्य’ अशी मराठी चिठ्ठी चिकटवली. खळ पातळ झाली होती. उन्हानं कागद वाळायचा, कड उचलायची, आणि दोन दिवसांत खालची चिठ्ठी वर डोकवायची. शिपाई गणपत रोज सकाळी अंगठ्यानं ती दाबून बसवायचा आणि म्हणायचा, “बस की बाई आता गप.” कपाटात एक खुर्दबीन होती. नव्या यादीत तिचं नाव सूक्ष्मदर्शक यंत्र झालं होतं. गणपतला ते म्हणता यायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही एका दमात यायचं नाही.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. जिनिंगमधून उडालेला कापसाचा कोंडा हवेत तरंगायचा आणि घामेजल्या मानेला चिकटायचा. गावाबाहेर ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंज्या लागलेल्या, करडई काढायला आलेली. करडईचे काटे घेऊन मुलं वर्गात यायची आणि बाकाखाली एकमेकांच्या पिंढऱ्यांना टोचायची. शाळेच्या आवारातला लिंब मोहरलेला असायचा. त्याची बारीक फुलं उघड्या पुस्तकावर पडायची, ती झाडायचाही कंटाळा यायचा. सगळ्या गावाला एक गोड, कडवट गुंगी आलेली असायची. मला तर ती जन्मतःच आलेली आहे.

कपाटाची किल्ली वहाब मास्तरांकडं असायची. वीस वर्षं ते त्या शाळेत विज्ञान शिकवत होते, उर्दूतून. उंच, किडकिडीत माणूस, कोपरावर विटलेली काळी शेरवानी, बोलताना हात मागे बांधलेले. मुलं त्यांना मौलीसाब म्हणायची, ते मौलवी नव्हते तरी. बाजारात, रस्त्यात ते आमच्यासारखंच मराठी बोलायचे. पण वर्गात उभं राहून, पुस्तकी मराठीत शिकवायचं म्हटलं की त्यांची जीभ जड व्हायची. एकदा मला म्हणाले, “भाजी घ्यायचं मराठी अन् शिकवायचं मराठी येगळं असतंय, मास्तर. भाजीवाल्याला मी चुकलो तरी कोथिंबीर मिळती.”

त्या फाल्गुनात वरून कागद आला. शाळा आता सगळी मराठीतून चालणार. उर्दूतून शिकवणाऱ्यांनी तपासनीस साहेबांसमोर एक पाठ मराठीत द्यायचा. पाठाचं टाचण, म्हणजे काय शिकवणार त्याचा लेखी आराखडा, शुद्ध मराठीत, आठ दिवस आधी पाठवायचं. पाठ पसंत पडला तर माणूस आहे त्या जागी राहील. नाही पडला तर कुठल्यातरी गावी प्राथमिकला, उर्दू वर्गावर. पन्नाशीच्या माणसाला अलिफ-बे गिरवायला पाठवायचं, असा त्याचा साधा अर्थ होता. कपाट, खुर्दबीन, वरचे वर्ग, सगळं सुटणार होतं.

वहाब मास्तर कागद घेऊन माझ्याकडं आले. माझ्याकडंच का, याचं कारण माझा अर्ज. नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं, उर्दू: उत्तम. खरं असं की वडलांनी मला लहानपणीच मामाकडं खामगावला धाडलं होतं, मराठीत शिकायला. माझी उर्दू म्हणजे सुट्टीत आल्यावर मानवतच्या बाजारात उचललेली. नक्को, कायकू, कित्ते कू दिया. त्या उर्दूत नदीला नद्दी म्हणतात. दरिया तिथं कुणी विकत नव्हतं. पण हेडमास्तरांनी तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला होता. मग मी अधूनमधून ‘बेशक’ म्हणायला लागलो. एवढ्यानं माणसाची विद्वत्ता गावात पसरते.

“माझा एक पाठ हाय,” वहाब मास्तर म्हणाले. “वीस वरसं दर साली शिकवायलोय. तेवढा मला जमतो. मी उर्दूत सांगतो, तुमी मराठी करा.”

“बेशक,” मी म्हणालो.

एका दुपारी शाळेच्या ओसरीवर त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. शब्द त्यांचे, लिपी माझी, म्हणजे उर्दूच पण बाळबोध अक्षरांत. ते येरझाऱ्या घालत सांगत होते. रांजणाची बाहेरची बाजू घामेजली होती आणि मी तिला पाठ टेकली होती, गार वाटावं म्हणून. लिंबाची फुलं पडत होती. मधूनमधून ते थांबून विचारायचे, समझे? मी म्हणायचो, समझे. माझा हात लिहीत होता. मी त्या हातासोबत असेनच असं नाही. दोनदा लेखणी कागदावर नुसतीच घसरत गेली, त्या रेघा मी नंतर घरी पाहिल्या. त्यांतल्या एका रेघेखाली काय होतं हे आजतागायत कुणालाच माहीत नाही.

घरी बसून मी मराठी करायला घेतलं. पाठ होता पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांचा. डोळ्यांना न दिसणारी वनस्पतीची जात. दिवस वाईट आले की ती स्वतःभोवती जाड कवच करते, दाणा होते आणि झोपते. तो झोपलेला दाणा पाणी नेईल तिकडं जातो. इतपत मला कळलं, आणि मी खूश झालो. पुढं लिहिलं होतं, दरिया समंदर से मिलता है. मी थबकलो. दरिया म्हणजे समुद्र. समंदर म्हणजेही समुद्र. समुद्र समुद्राला मिळतो. मला वाटलं, वहाब मास्तर आतून सूफी आहेत. मी तसंच लिहिलं, आणि एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं. कानाला बरं वाटलं.

मग आलं, समंदर की रौ उन दानों को किनारे से दूर ले जाती है. रौ म्हणजे काय? रव म्हणजे आवाज, हे मला संस्कृतमुळं माहीत होतं. मी लिहिलं, ‘समुद्राच्या गर्जनेने ते दाणे किनाऱ्यापासून दूर जातात.’ रौ म्हणजे प्रवाह. पण तेव्हा प्रवाहाची मला गरजच भासली नाही. गर्जना छान होती.

आणि मग ते वाक्य आलं, ज्यानं मला वाचवायला हवं होतं. गंगाखेड के पास दरिया में. गंगाखेडला समुद्र नाही हे मला माहीत होतं. गंगाखेडला गोदावरी आहे, तिला आमच्याकडं नुसतं गंगा म्हणतात, मी तिच्यात पोहलो आहे, उन्हाळ्यात तिच्या वाळूतल्या वाड्यांवर टरबुजं खाल्ली आहेत. एवढा ढळढळीत इशारा समोर होता. उठून दोन गल्ल्या चालून गेलो असतो आणि विचारलं असतं, तर एका शब्दाचं काम होतं. पण ‘उर्दू: उत्तम’ असलेला माणूस दरियाचा अर्थ विचारायला कसा जाणार? मला वाटलं, म्हातारा आपल्या गावाच्या, गंगाखेडच्या, आठवणीत बोलता बोलता चुकला असेल. मी त्यांची चूक दुरुस्त केली. गंगाखेड खोडलं आणि ‘मुंबईजवळच्या समुद्रात’ असं लिहिलं.

माझ्या सगळ्या मूर्खपणात हा मला उजवा वाटतो. बाकीचे न कळल्यामुळं झाले. हा मी विचार करून केला.

टाचण त्याच दिवशी पोस्टाच्या थैलीतून परभणीला जायचं होतं. एसटी स्टँडवर वहाब मास्तरांनी सही करायला कागद हातात घेतला. मराठी अक्षरं ते वाचायचे, पण सावकाश, एकेक अक्षर ओठांनी चाखत. “वाचू का एकदा?” ते म्हणाले. कंडक्टर घंटी वाजवत होता. मी म्हणालो, “वाचायचं काय त्यात, तुमचंच आहे. गाडी सुटायलीय.” त्यांनी खाली उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडं, झोकदार. ती सही त्या कागदावर एकटीच खरी होती.

हे सगळं आठवताना दमायला होतं. चुकीचं एक असतं, ती घडताना हलकी असते. एक शब्द, एक सही, गाडीची घंटी. तिचं वजन पुढं वाढत जातं, आणि ते उचलायची वेळ येते तेव्हा माणूस म्हातारा झालेला असतो.

तपासनीस साहेब आले ते कोकणातले. मालवणकडचे, त्यांनी आल्या आल्या सांगितलं. आमच्या उन्हानं ते अर्धमेले झाले होते. हेडमास्तरांनी ताक दिलं, ते दोन पेले प्याले, रुमाल ओला करून मानेवर ठेवला. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. एवढ्या लांब येऊन कुणाला नापास करायचं काम सुखाचं नसणार. मी मागच्या बाकावर बसलो होतो, भाषांतरकाराच्या गुप्त अभिमानानं.

वहाब मास्तर शेरवानी इस्त्री करून आले होते. टेबलावर खुर्दबीन, आणि शेजारी एक काचेची बरणी. बरणीत ओला काळा गाळ. आदल्या रविवारी ते स्वतः जाऊन घेऊन आले होते. कुठून, ते मी विचारलं नव्हतं.

ते बोलायला लागले, आणि माझ्या टाचणातलं मराठी त्यांनी वापरलंच नाही. आपल्याच वाकड्यातिकड्या मराठीत बोलले. मी त्या शाळेत त्याच्या आधी आणि नंतर पुष्कळ पाठ ऐकले. तसा नाही ऐकला.

“हे बगा,” ते म्हणाले. “उनाळा आला. दरिया आटायलाय. डोह ऱ्हायले. आता ह्यो बारका जीव, डोळ्याला दिसत न्हाई, ह्यानं काय करावं? पळून जावं तर पाय न्हाईत. मग ह्यो आपल्याच अंगाभवती भित्ताड बांधतो. दार न्हाई, खिडकी न्हाई. आत बसून झोपतो. मेला का? न्हाई मेला. वाट बघायलाय.”

एक पोरगं म्हणालं, “किती दिस, मौलीसाब?”

“लय दिस. आपल्या आज्याच्या आज्याएवढं.”

वर्ग हसला. साहेबांचं बोट टाचणावरच्या ओळींवरून हलकेच सरकत होतं. दरिया, समुद्र. त्यांनाही तोवर जुळतंय असंच वाटत असावं.

“मग पूर येतो,” वहाब मास्तर म्हणाले. “दरियाला पूर. दरिया म्हणजे आपली गंगा, गंगाखेडची. ही बरणी तिथलीच हाय. पूर त्या दाण्याला उचलतो, न्हेतो, न्हेतो, नांदेडच्या पल्याड, तेलंगणाच्या पल्याड, अन् समुद्रात सोडतो.”

साहेबांचं बोट थांबलं. मी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. आपली गंगा.

वहाब मास्तरांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते रंगात आले होते. “समुद्राच्या आत बी नद्या असत्यात, पोरांनो. त्यांना काठ नसतो. पाण्यातच पाणी चालतं. उनाळ्यात एकीकडं चालतं, पावसाळा सरला की दुसरीकडं. ते पाणी त्या दाण्याला किनाऱ्यापासून दूर न्हेतं. किनाऱ्याजवळ खाली बसला तर बरं. तिथं उजेड हाय, ऊब हाय, कधीतरी कुणी ढवळलं की उठंल. लय दूर गेला तर खाली नुसता अंधार. तिथं बसला की बसला.”

मग त्यांनी ते सांगितलं, जे ओसरीवर त्यांनी मला सांगितलं असणार आणि जे त्या घसरलेल्या रेघेखाली गेलं असणार. हैदराबादेत कॉलेजात असताना त्यांच्या उस्तादांनी मुलांना मच्छलीपट्टणला नेलं होतं. बोटीनं आत, किनारा दिसेनासा होईतो. दोरीला डबा बांधून तळाचा गाळ वर काढला. वहाब मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि पहिल्यांदा खुर्दबिनीला डोळा लावला, एकाच दिवशी.

“त्या गाळात मला ह्यो दाणा दिसला. गोल, अंगावर बारके काटे, मधी चीर. सुट्टीत घरी आलो तवा आमच्या गंगंचा गाळ न्हेऊन बघितला. तोच दाणा. तसाच. उस्तादांना म्हटलं, हुजूर, ह्यो आमच्या गावचा हाय. उस्ताद म्हणाले, मियाँ, तुमच्या आधी पोचला की इथं.”

पोरं हसली. रांग लावून एकेकजण खुर्दबिनीत बघायला लागला. तेवढ्यात साहेबांनी घसा साफ केला.

“वहाब साहेब, तुम्ही नदीचं सांगताय. इथं टाचणात नदी हा शब्दच नाही. गंगाखेड नाही. मुंबई आहे.” त्यांनी कागद जवळ धरला. “आणि हे काय? समुद्र समुद्राला मिळतो. म्हणजे काय?”

वर्गात खसखस पिकली.

“समुद्राच्या गर्जनेने दाणे दूर जातात. अहो, मी समुद्राकाठी वाढलोय. गर्जनेनं लाकडाचा ढलपासुद्धा हलत नाही.”

आता पोरं मोकळी हसली. पोरांचा दोष नाही. वाक्य हसण्यासारखंच होतं. एकट्यानं वाचलं असतं तर मीही हसलो असतो.

वहाब मास्तरांनी कागद मागून घेतला. वाचला. एकेक अक्षर, ओठ हलवत. आख्खा वर्ग थांबला होता. मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं ते कोणत्या शब्दाशी आहेत. मुंबईपाशी ते थोडे जास्त थांबले. मग त्यांनी मान वर केली आणि शेवटच्या बाकाकडं पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

“हे टाचण तुमचंच ना?” साहेबांनी विचारलं.

“जी,” वहाब मास्तर म्हणाले. “माझंच.”

साहेबांनी ओला रुमाल मानेवरून काढून पिळला. “मग तुम्ही जे लिहिलंय ते शिकवत नाही, आणि जे शिकवताय ते तुम्हाला लिहिता येत नाही. मी काय शेरा मारू, तुम्हीच सांगा.”

मी बसून होतो. बाकाच्या कडेला कुणीतरी कर्कटकानं आपलं नाव कोरलं होतं, त्याच्या खाचेत मी नख फिरवत होतो. माझी नेमणूक कच्ची होती, उन्हाळ्यात पक्की व्हायची होती. अर्जात उर्दू उत्तम होती. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी उठलो असतो तर त्यांचंच जास्त नुकसान झालं असतं, टाचण दुसऱ्याकडून लिहून घेतलं म्हणून. कारण चांगलं आहे. फक्त ते त्या दिवशी मला सुचलेलं नव्हतं. ते नंतर, सावकाश, घरी बसून तयार केलेलं आहे, त्या भाषांतरासारखंच.

परीक्षा संपल्या, निकाल लागले, मुलं आंब्यांच्या मागं लागली. मे महिन्यात दोन हुकूम आले. वहाब मास्तर बोरीला, प्राथमिकला, उर्दू वर्गावर. मी मानवतला पक्का. माझ्याबद्दल साहेबांनी लिहिलं होतं, भाषा शुद्ध.

जायच्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. खुर्दबिनीची काच मलमलच्या फडक्यानं पुसून दाखवली. “जोर लावू नका. डोळा लावा, श्वास रोका.” मी डोळा लावला. मला काळ्या काड्यांची झुडपं दिसली. मी म्हणालो, “दिसतात. दाणे दिसतात.”

ते म्हणाले, “त्या तुमच्या पापण्या हायती.”

पुढं मी बरीच वर्षं ती खुर्दबीन मुलांना दाखवली. मानवतच्या एका पिढीनं विज्ञानाच्या तासाला आपल्या पापण्या पाहिल्या आहेत आणि ती पिढी आता चांगल्या हुद्द्यांवर आहे. गणपत कपाटावरची चिठ्ठी दाबत राहिला. एका पावसाळ्यात वरची चिठ्ठी पूर्णच गळून पडली, खालची तशीच होती. आम्ही दोघांनी ती काही दिवस राहू दिली.

त्या दाण्यांविषयी पुढं मी सापडेल ते वाचलं. उशिरा आलेली हौस. वहाब मास्तर म्हणाले होते ते सगळं खरं होतं. दाणा स्वतः पोहत नाही. त्याला दिशा नसते, मत नसतं. पाण्याच्या ज्या थरात सापडला त्या थराचा होऊन जातो. काही उथळ पाण्यात बसतात आणि कधीतरी वादळानं तळ ढवळला की उठतात. पुष्कळसे उतार संपतो त्याच्या पलीकडं जातात, जिथं खाली उजेड पोचत नाही, आणि एकावर एक थर साचत राहतात. चिखलाचे ते थर उलगडून कुठल्या काळी कोणती नदी समुद्रात किती दूरवर पोचत होती हे शहाणी माणसं सांगतात. नदी आटलेली असली तरी. मला वाचताना झोप यायची. पण ती ओसरीवरची झोप नव्हती. ही वयाची होती, तिच्यात कान उघडे राहतात.

त्या पाठाच्या पुढच्याच वर्षी, फाल्गुनात, मी बोरीला गेलो होतो. वर्षभर जायचं जायचं म्हणत होतो. जिंतूरच्या रस्त्यानं एसटी धुळीत बुडत निघाली, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, ती सबंध वाट माझ्याकडं संशयानं बघत होती. माझ्या पिशवीत नवं टाचण होतं. मी सगळं पुन्हा लिहिलं होतं. जिथं जिथं समुद्र चुकून आला होता तिथं नदी, जिथं गर्जना होती तिथं प्रवाह.

दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीच्या दाराला जाडसर पडदा, त्यामागं वहाब मास्तरांच्या बीबी. त्या बोरीच्याच शेतकऱ्यांच्या घरातल्या, मास्तरांपेक्षा त्यांचं मराठी फर्डं, हे मी ऐकून होतो. मास्तर अजून बारीक झाले होते. दिवसभर लहान पोरांपुढं अलिफ-बे ओरडून घसा बसला होता. तरी मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, याचं मला जास्त वाईट वाटलं.

“खुर्दबीन कशी हाय?” पहिला प्रश्न तोच.

“बरी आहे,” मी म्हणालो. पापण्यांचं काही बोललो नाही.

पडद्याखालून चहाचे दोन पेले सरकले. मी नवं टाचण त्यांच्या हातात दिलं. ते उजेडाकडं सरकून वाचायला लागले, ओठ हलवत, पुन्हा तसेच. बाहेर कुणीतरी करडई झोडत होतं, त्या काठीचे ठोके ऐकू येत होते. वाचता वाचता मास्तर थांबले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला.

“मास्तर, नदी केली तुमी, लय चांगलं केलं. पण ही मुंबईची नदी झाली की.”

मी वाकून पाहिलं. नदी, नदी, नदी, आणि मधोमध ‘मुंबईजवळच्या नदीत’. गंगाखेड परत लिहायचं मी विसरलो होतो.

“माझी चूक झाली, मास्तर,” मी म्हणालो. एवढं म्हणायलाच मी एसटीत बसलो होतो. “तेव्हाही आणि आताही.”

“असू द्या हो. शब्दच तसा दोन तोंडाचा. मी बी गंगाच म्हणायला पायजे होतं, दरिया कशाला म्हणायचं.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि शेरवानीच्या खिशात ठेवली. माणूस माझी चूक वाटून घेत होता, अर्धी अर्धी, भाकरी तोडावी तशी.

पडदा हलला. आतून आवाज आला, शांत, शेतात लांबून हाक मारायची सवय असलेला. “त्या साहेबाला कळवलं का, कुणी लिवलं होतं ते?”

मास्तर म्हणाले, “जाऊ दे गं.”

“मी त्यांना इचारायलेय.”

मी पेला खाली ठेवला. “कळवणार आहे, भाबी. अर्ज लिहायला घेतलाय. भाषा जरा जुळवतोय.”

मग पडद्याआडून आवाज आला.

“उर्दू येत नव्हती तुमाला, ते कळलं. पण त्या दिवशी नुसतं उठून उभं ऱ्हायचं होतं. त्याला कंची भाषा लागती, मास्तर?”